ब्रेडच्या कडा

महिन्याच्या पहिल्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी आमच्या घरी ब्रेड कापायचं काम जुईचं. पिपलानीच्या बाजारातल्या बेकरीतून ताजा मोठा ब्रेड येतो. जुई कोपरापर्यंत हात धुते, ओढणी पाठीमागे गाठ मारून बांधते आणि ओट्यापाशी उभी राहते. प्रत्येक स्लाइसच्या चारी कडा काढायच्या, मधल्या पांढऱ्या भागाचे बारके चौकोनी तुकडे करायचे, ते स्टीलच्या ताटलीत रचून वर पांढरा रुमाल घालायचा. ती ताटली दुसऱ्या दिवशी उपासनेत प्रभुभोजनाच्या मेजावर जाते. उरलेल्या कडा डब्यात भरायच्या. त्या जुईच्या, संध्याकाळच्या चहाबरोबर बुडवून खायला.

मी तिची आत्या, मंजूषा आढाव. विमा कंपनीतून निवृत्त झाले, लग्न केलं नाही, आणि माझं तोंड फटकळ आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आम्ही मूळचे नगरकडचे मराठी ख्रिस्ती. अप्पा, म्हणजे माझे वडील गोपीनाथ आढाव, तरुणपणी इथल्या मोठ्या कारखान्यात नोकरीला आले आणि भोपाळचेच झाले. आता आम्ही अयोध्या नगरात राहतो. अप्पा, मी, माझा धाकटा भाऊ शैलेंद्र, त्याची बायको सुचेता आणि त्यांची मुलगी जुई. मुलगा प्रतीक नोकरीसाठी पुण्याला असतो.

जुई बावीस वर्षांची आहे. तिचं डोकं जन्मापासून हळू चालतं. डॉक्टरांनी त्याला एक लांबलचक नाव दिलंय, पण घरात आम्ही ते कधी घेत नाही. आणि ती काही देवदूत वगैरे नाही हं. मंडळीतल्या बायका तिला बघून "किती निष्पाप" असं म्हणतात तेव्हा मला हसू येतं. फ्रिजमधले गुलाबजाम ती चोरते, विचारलं तर सरळ "पता नहीं" म्हणते, आणि रुसली की दोन-दोन दिवस तोंड फुगवून बसते. हट्टाच्या बाबतीत ती थेट अप्पांवर गेलीय.

आमची मंडळी, म्हणजे एकत्र उपासना करणारी माणसं, थोडीच. स्वतःचं चर्च नाही. पिपलानीत हिंदी मंडळीचा हॉल आहे, त्यांची उपासना संपली की दुपारी तो आम्हाला मिळतो. पाळकसाहेब, म्हणजे पास्टर, नागपूरहून महिन्यातून एकदा येतात, म्हणून प्रभुभोजनही, येशूच्या शेवटच्या जेवणाची ती आठवण, महिन्यातून एकदाच. आमच्याकडे रीत अशी की ताटली रांगेरांगेतून फिरते, प्रत्येकाने एक तुकडा उचलून तळहातावर धरून बसायचं. लगेच खायचं नाही. शेवटच्या माणसाला मिळेपर्यंत सगळ्यांनी थांबायचं, मग पाळक "घ्या" म्हणाले की सगळ्यांनी एकदम. लहानपणी मला हे थांबणं फार जड जायचं. हात घामेजायचा आणि तुकडा चिकटायचा.

ज्यांना अजून मंडळीत पूर्ण घेतलेलं नाही, म्हणजे लहान मुलं, त्यांना ताटली मिळत नाही. ती त्यांच्या डोक्यावरून पुढच्या माणसाकडे जाते. जुईच्या डोक्यावरून ती बावीस वर्षं गेली. तिच्या पाठीवर झालेल्या प्रतीकला पंधराव्या वर्षी घेतलं. त्या दिवशी तिने घरी येऊन डबा उघडला, कडा माझ्यापुढे धरल्या आणि विचारलं, "आत्या, मला कडाच. मधला कधी?"

मी तिला अप्पांना विचार म्हटलं.

अप्पा मंडळीचे ज्येष्ठ. कुणाला प्रभुभोजनात घ्यायचं असलं की तयारी ते करून घेतात, प्रश्न ते विचारतात, आणि पाळक कोणीही येवोत, शब्द अप्पांचा चालतो. कारखान्यात ते तपासणी विभागात होते. त्यांची सही झाल्याशिवाय माल फाटकाबाहेर जात नसे, आणि त्यांनी मुलाहिजा ठेवून कधी सही केली नाही, हे ते आजही जेवताना सांगतात. जुईबद्दल विचारलं की म्हणायचे, "हे खाऊ नाही, मंजू. न समजता खाल्लं तर ते माणसाच्या अंगावर येतं. मी पोरीला अडवत नाही, वाचवतोय." आणि हे सांगताना त्यांचा आवाज खरंच कापायचा. मला राग यायचा, पण ते ढोंग करत नव्हते एवढं मला कळायचं.

दर गुरुवारी आमच्या पुढच्या खोलीत अप्पांचा शास्त्राभ्यासाचा वर्ग असतो. कारखान्याने मोडीत काढलेला एक फळा त्यांनी घरी आणलाय. या वर्षी विषय होता जगाचं ज्ञान आणि देवाचं शहाणपण. फळ्याच्या मधोमध उभी रेघ, तीही फूटपट्टीने. डावीकडे जगाचं ज्ञान, त्याखाली गर्व, चढाओढ, वाद. उजवीकडे वरून येणारं शहाणपण, त्याखाली शांती, दया, निष्कपटपणा. महिनेच्या महिने हा विषय चालला. वर्ग संपला की अप्पा आणि निवृत्त हेडमास्तर कांबळे उजव्या बाजूच्या एखाद्या शब्दावरून इतके भांडायचे की मला चहा घेऊन मध्ये पडावं लागायचं. एकदा मी म्हटलंच, "अप्पा, तुम्ही दोघं डावीकडच्या रकान्यात बसलाय." कांबळे हसले. अप्पा नाही हसले.

तर मार्च महिन्यात सुचेताने जेवणाच्या टेबलावर विषय काढला. सुचेताचे आनंद नगरात रायसेन रोडवर गणिताचे क्लास आहेत. इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेला मुलं बसवते. ज्या मुलाला शाळेने ओवाळून टाकलंय त्यालाही ती पास करून दाखवते, आणि त्याचा तिला अभिमान आहे. असायलाच हवा.

"अप्पा, जुईला यंदा घ्यायचं," ती म्हणाली. "तुमचे प्रश्न काय असतील ते सांगा."

अप्पा घास चावत राहिले. मग म्हणाले, "चार प्रश्न. प्रतीकला विचारले तेच. तिने स्वतः उत्तरं द्यायची. तिला कळलंय अशी माझी खात्री झाली तर मी नाही म्हणणार नाही."

"चारच ना," सुचेता म्हणाली. "होऊन जाईल."

शैलेंद्र नेहमीसारखा ताटात बघत होता. माझा भाऊ चांगला माणूस आहे, पण घरात वादळ उठलं की हा मिठाचा डबा शोधत बसतो.

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. क्लासवरून आली की सुचेता जुईला घेऊन खोलीत बसायची. प्रश्न एक, माणूस देवापुढे कोण आहे? प्रश्न दोन, प्रभूने तुझ्यासाठी काय केलं? प्रश्न तीन, ही भाकर आणि हा रस कशाची खूण? प्रश्न चार, मेजाजवळ येण्याआधी माणसाने काय करावं? उत्तरं अप्पांच्या शब्दांत, जशीच्या तशी. जुईला पहिलं आलं की दुसरं जायचं. चौथं आलं की पहिलं गायब. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात तसं. रोज रडारड व्हायची. एकदा जुईने पाण्याची बाटली भिंतीवर फेकून मारली आणि "नहीं करना, नहीं करना" करत संडासात जाऊन कडी लावून बसली.

मी सुचेताला स्वयंपाकघरात गाठलं. "पुरे कर गं. पोपट करायचाय का तिचा?"

"ताई, तुम्हाला बोलायला काय जातंय," ती म्हणाली. कणीक मळत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. "उद्या मी नसेन, शैलेंद्र नसेल. तुम्ही तरी किती दिवस? प्रतीकची बायको येईल, ती कशी असेल कुणास ठाऊक. मंडळीत ती पूर्ण माणूस म्हणून धरली गेली तर चार घरं तिच्यासाठी उभी राहतील. नाहीतर ती कायम आढावांची ती वेडी पोर. मला तिला त्या रांगेत बसवायचंय. कसंही करून."

मी पोळ्या लाटायला घेतल्या.

त्या महिन्यात ब्रेड कापताना मी जुईपाशी उभी होते. सहज विचारलं, शिकवणीच्या सुरात नाही, आपलं गप्पा मारल्यासारखं, "जुई, येशूने काय केलं गं?"

"जेवायला दिलं," ती म्हणाली. सुरी चालूच होती. "सगळ्यांना. वो जो झूठा दोस्त था, त्याला पण. पैसे घेऊन पकडून देणारा. त्याला पण आपल्या हाताने दिलं."

"माहीत असून?"

"हां. माहीत असून." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मी असते तर नसतं दिलं."

मी सुचेताकडे धावत गेले. म्हटलं, हिला येतं गं, हिला सगळं येतं, तिच्या शब्दांत विचारा फक्त. सुचेताने ऐकून घेतलं आणि मान हलवली. "अप्पांना हे चालेल? त्यांना प्रायश्चित्त हा शब्द लागतो, करार हा शब्द लागतो. पेपर तपासणारा कसा आहे ते बघून उत्तर लिहायचं असतं, ताई. मी हेच शिकवते." मला पटलं नाही, पण अप्पा कसे आहेत हे माझ्यापेक्षा कुणाला जास्त ठाऊक? मी परत ओट्यापाशी गेले.

आणि मग सुचेताला युक्ती सुचली. तिच्या क्लासमध्ये ती सूत्रं बोटांवर, हातवाऱ्यांवर पाठ करून घेते. जुईला शब्द लक्षात राहत नव्हते, पण खुणा राहायच्या. डोकं खाली घातलं की पहिलं उत्तर. दोन्ही हात आडवे पसरले की दुसरं. हाताची ओंजळ केली की तिसरं. छातीवर हात ठेवला की चौथं. खूण दिसली की जुईच्या तोंडून अख्खं वाक्य घडाघड बाहेर पडायचं. खूण नाही दिसली तर काहीच नाही. सुचेताचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला होता. जुईही खूश होती, कारण रडारड थांबली होती.

"पण खुणा अप्पांसमोर कोण करणार?" मी विचारलं.

"बघू," ती म्हणाली.

एप्रिलमधल्या एका गुरुवारी वर्गातच परीक्षा ठेवली. पुढच्या खोलीत आठ-दहा माणसं, कूलर घरघरत होता. अप्पा फळ्यासमोर आपल्या खुर्चीत, त्यांची पाठ स्वयंपाकघराच्या दाराकडे. त्यांच्यासमोर स्टुलावर जुई. आणि स्वयंपाकघराच्या दारात, जुईला दिसेल आणि अप्पांना दिसणार नाही अशी, सुचेता. मी तिच्या बाजूला सरबताचे ग्लास घेऊन उभी होते. समोरच्या भिंतीशी काचेचं कपाट आहे. त्यात अप्पांना कारखान्याने दिलेली मानचिन्हं आहेत.

अप्पांनी प्रार्थना केली आणि पहिला प्रश्न विचारला. सुचेताने डोकं खाली घातलं. जुईने अख्खं उत्तर म्हटलं, एकही शब्द न अडखळता. कांबळ्यांनी भुवया उंचावल्या. दुसरा प्रश्न. सुचेताचे हात पसरले. उत्तर आलं, प्रायश्चित्तासकट. तिसरा. ओंजळ. तेही आलं.

"आता शेवटचा, जुई," अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज मऊ झाला होता. "या मेजाजवळ येण्याआधी माणसाने काय करावं?"

सुचेताने छातीवर हात ठेवला. जुई आईकडे बघत राहिली. मग तिने अप्पांकडे पाहिलं, आणि सावकाश म्हणाली, "आधी स्वतःला तपासून पाहावं. आत काही खोटं सापडलं तर ते कबूल करावं. मगच यावं."

अप्पांनी चष्मा काढला. खूप वेळ पुसत बसले. मला वाटलं डोळे भरून आलेत. नंतर म्हणाले, "ठीक आहे. येत्या पहिल्या रविवारी."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कांबळेबाईंनी जुईला जवळ घेतलं. सुचेता स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून रडली, आणि मी तिच्या पाठीवर हात फिरवला. खोटं कशाला बोलू, मलाही आनंद झाला होता. शैलेंद्र पेढे घेऊन आला. जुईसमोर बॉक्स धरला तर ती म्हणाली, "नको." पेढ्याला नको म्हणणारी जुई मी जन्मात पाहिली नव्हती. म्हटलं, थकली असेल.

त्यानंतरचे दिवस ती शांतच होती. शनिवारी ब्रेड कापला, कडा डब्यात भरल्या आणि झाकण लावून टाकलं. चहाबरोबर एकही खाल्ली नाही. मी म्हटलं, "उद्या मधला मिळणार म्हणून कडा नकोशा झाल्या काय गं?" डबा तिने फडताळात सगळ्यात वर ठेवला.

रविवारी सुचेताने तिला नवा पांढरा सलवार-कमीज घातला. हॉलमध्ये हिंदी उपासना नुकतीच संपली होती, पंखे चालूच होते. आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. शैलेंद्र, मी, सुचेता, आणि कडेला जुई. पाळक वरुण उमाप तरुण आहेत, नुकतेच शिकून आलेले. त्यांनी जुईला पुढे बोलावून तिच्या डोक्यावर हात ठेवला, प्रार्थना केली, मंडळीत तिचं स्वागत केलं. जुई मान खाली घालून उभी राहिली. परत येऊन बसली.

मग अप्पा ताटली घेऊन निघाले. एरवी ताटली हातोहात फिरते, त्या दिवशी ती स्वतः फिरवायची असं त्यांनी ठरवलं होतं. वय झालंय, पण एक तुकडा सांडला नाही. शैलेंद्रने घेतला. मी घेतला. सुचेताने घेतला. अप्पा जुईपुढे आले, थोडे वाकले आणि ताटली तिच्यापुढे धरली. त्यांचा चेहरा इतका गोड झाला होता की मला माझी आई आठवली.

जुईने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"घे बाळ," अप्पा म्हणाले.

तिने मान हलवली. सुचेता कुजबुजली, "घे गं, जुई. असं काय करतेस? घे." आणि तिचा दंड धरला. जुईने दंड सोडवून घेतला.

"मी तपासलं," ती म्हणाली. जुईला हळू बोलता येत नाही. जे बोलते ते अख्ख्या हॉलला ऐकू जातं. "अप्पा, मी तपासलं. मी खोटं बोलले. ती उत्तरं आई हाताने सांगत होती."

पंखे फिरत होते. कांबळे मान वळवून आमच्याकडे बघत होते आणि त्यांच्या बायकोने त्यांना कोपर मारलं. सुचेता पांढरी पडली. मला तर जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं, कारण सरबताचे ग्लास घेऊन मी तिथेच तर उभी होते.

अप्पा तसेच वाकून उभे होते. मग सरळ झाले. मला वाटलं आता ते बोलतील, काहीतरी कडक. पण ते मागे वळले, ताटली मेजावर नेऊन ठेवली, आणि पाळकांच्या बाजूच्या आपल्या ज्येष्ठांच्या खुर्चीत न बसता मागे जाऊन शेवटच्या रांगेत बसले. हातात काही न घेता. पाळकसाहेब गोंधळले. या प्रसंगासाठी त्यांना कुणी काही शिकवलेलं दिसत नव्हतं. थोडा वेळ वाट पाहून त्यांनी उरलेल्या दोन रांगांना ताटली दिली, शब्द म्हटले आणि "घ्या" म्हणाले. लोकांनी खाल्लं. आमच्या रांगेत कुणाचा हात तोंडाकडे गेला नाही. माझ्या तळहातावर तुकडा लहानपणीसारखा चिकटून बसला होता, आणि मला फार लाज वाटत होती.

उपासना संपल्यावर सुचेता कुणाशी न बोलता बाहेर गाडीत जाऊन बसली. जुई नेहमीप्रमाणे मागच्या मोरीवर द्राक्षरसाचे छोटे ग्लास धुवायला गेली. ते कामही तिचंच. मी तिच्यामागे गेले. मला रागही आला होता आणि तिला मिठीही मारावीशी वाटत होती, आणि दोन्ही एकदम होत असलं की माझ्या तोंडून वाकडंच निघतं.

"एवढी शहाणी झालीस तर घरी सांगायचं होतंस," मी म्हटलं. "आईची शोभा केलीस सगळ्यांत."

"आईला सांगितलं. ती म्हणाली, कुछ नहीं होता, चूप."

"मग चूप बसायचं होतं. तूच म्हणालीस ना, त्या खोट्या दोस्तालाही त्याने दिलं होतं? माहीत असून दिलं होतं. मग तू घेतलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

जुईने ग्लास उलटा करून फडक्यावर ठेवला. विचार करताना तिची जीभ थोडी बाहेर येते, तशी आली.

"तो खाऊन पळाला, आत्या," ती म्हणाली. "मला पळायचं नाही."

मी तिथेच मोरीच्या कठड्यावर बसले. महिनोन्महिने तो फळा मी पुसला होता. दर गुरुवारी रेघेच्या उजवीकडचे शब्द ओल्या फडक्याने मीच पुसत होते. त्यातला एकही शब्द मला त्या क्षणी आठवला नाही.

"तुझा तुकडा दे," जुई म्हणाली. तिने माझ्या हातातला तो ओला तुकडा काढून घेतला आणि खिडकीच्या बाहेर कट्ट्यावर चिमण्यांसाठी ठेवला. "पुढच्या वेळी. तू पण तपास."

घरी आलो. सुचेता सरळ खोलीत गेली आणि आतून कडी लावली. शैलेंद्रने दोनदा दार वाजवलं, मग तो अंगणात जाऊन उगीचच कुंड्यांना पाणी घालत बसला. अप्पा पुढच्या खोलीत फळ्यासमोर बसून होते. जेवले नाहीत. मला भीती वाटली, वय एक्याऐंशी, आणि उन्हाचे दिवस.

संध्याकाळी मी चहा टाकला. जुईने स्टूल ओढलं, फडताळातला डबा काढला आणि टेबलावर आणून ठेवला. शिळ्या कडा, थोड्या कडक झालेल्या. अप्पांच्या घरात अप्पांपुढे कुणी कधी त्या ठेवल्या नव्हत्या. जुई म्हणाली, "अप्पा, चहा."

अप्पा उठून आले. डब्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हात पुढे केला, तळहात वर करून, हॉलमध्ये लोक करतात तसा. "दे," म्हणाले.

जुईने एक कड त्यांच्या हातावर ठेवली. एक माझ्या हातावर. शैलेंद्रला अंगणातून बोलावलं, त्याला दिली. एक स्वतः घेतली. अप्पा कड चहात बुडवायला गेले तर तिने त्यांचं मनगट धरलं.

"थांबा. आईला नाही मिळाली."

अप्पांनी हात मागे घेतला. आम्ही तिघं आणि ती हातात कडा धरून टेबलाभोवती बसून राहिलो. चहावर साय धरली. जुई एक कड बशीत घेऊन सुचेताच्या दारापाशी गेली, बशी खाली ठेवली आणि तिथेच फरशीवर मांडी घालून बसली. "आई, ये," म्हणाली. दार बंदच राहिलं.

मग अप्पा काठी घेऊन उठले. सुनेच्या खोलीच्या दारापर्यंत ते कधी जात नाहीत, त्यांच्या काळची रीत. त्या दिवशी गेले. दाराला तळहात लावून उभे राहिले.

"सूनबाई," ते म्हणाले, "त्या दिवशी कपाटाच्या काचेत मला सगळं दिसत होतं. तुझे हात पसरलेले, ओंजळ, सगळं. मी पाहिलं आणि तरी हो म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा. मला वाटलं, ही दया आहे." त्यांना दम लागला होता. "पोरीला सगळ्यांनी मिळून खोटं बोलायला लावलं आणि शेवटी तिला एकटीला तिथे उभं केलं. मीच मेजापाशी यायला नको होतं. तू बाहेर ये. ही आम्हाला खाऊ देत नाही."

आत खाट कुरकुरली, मग परत शांत झालं. मी टेबलापाशी बसून ऐकत होते. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हातात कड असल्यामुळे मला ते पुसता येत नव्हतं.

"बसा अप्पा," जुई म्हणाली आणि आपल्या बाजूची फरशी हाताने झाडली. "वेळ लागतो."

अप्पा काठीवर जोर देत, भिंतीला धरून, कसेबसे खाली तिच्याशेजारी बसले. कड अजून त्यांच्या तळहातावरच होती.